झिजायचं ते स्वस्तातलं झिजू द्या

शिरूर तालुक्यात रांजणगावला फियाटचा कारखाना आहे, हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे जुनी पद्मिनी घेऊन येणारं गिऱ्हाईक कधी ना कधी विचारतंच, "अहो, दारात फियाट असताना दाराच्या पिना दौंडहून कशाला करून आणता?" मग सांगावं लागतं, की रांजणगावातून २०१७ पासून जीप कंपास निघते. पद्मिनी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची. १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट, मग प्रेसिडेंट, १९७४ पासून पद्मिनी, अशी नावं बदलत ती तिथे बनत राहिली आणि विसाव्या शतकाबरोबर संपली. ॲम्बेसेडर उत्तरपाड्याची, तीही २०१४ साली थांबली. या गाड्यांच्या दाराची पिन आता कुठल्याही कारखान्याच्या यादीत नाही. ती लेथवर जन्माला घालावी लागते.

माझं वर्कशॉप शिरूरला. पोट चालतं ते उसाच्या ट्रॉल्या, नांगराचे फाळ आणि खिडक्यांच्या ग्रिलवर. जुन्या गाड्यांचं काम त्यातूनच अंगावर आलं. कुणाच्या आजोबांची गाडी गोठ्यात उभी असते आणि घरात लग्न निघालं की ती बाहेर काढायची असते. इंजिन सुरू करून देणारे मेकॅनिक पुष्कळ आहेत. दार नीट लावून देणारा सापडत नाही. त्या कामातून जे हाती लागलं ते लिहून ठेवतो.

१. पाना उचलण्याआधी दार उचला.

दार निम्मं उघडायचं, लॉककडच्या टोकाला खालून दोन्ही हात घालायचे आणि सावकाश वर उचलायचं. झटका द्यायचा नाही. त्याच वेळी दुसऱ्या माणसाने वरच्या बिजागरीच्या सांध्यावर बोट ठेवायचं, अर्धं एका पानावर, अर्धं दुसऱ्यावर. हालचाल तीन ठिकाणी असू शकते. पिनेत खेळ असेल तर दोन पानं एकमेकांवर सरकतात, बोटाला बारीक ठोका लागतो. स्क्रू ढिले असतील तर पान आणि खांब यांच्यामधली रंगाची रेघ उघडते, मिटते. आणि पत्राच गेला असेल तर पिन घट्ट, स्क्रू घट्ट, पण खांबाचा पत्रा श्वास घेतल्यासारखा आतबाहेर होतो. तिन्हींचा इलाज वेगळा आणि खर्चही वेगळा. गिऱ्हाईक मात्र तिन्ही वेळा एकच सांगतं, "दार खाली आलंय."

डोळ्यापेक्षा बोटावर विश्वास ठेवावा. रंगाचे चार थर चढलेल्या गाडीत डोळ्याला काहीच दिसत नाही.

२. लॉकची पट्टी खाली सरकवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

गावोगावचा हा सोपा इलाज. खांबावर लॉक अडकतं ती पट्टी ढिली करायची, थोडी खाली घ्यायची, पुन्हा आवळायची. खाली आलेलं दार खाली गेलेल्या पट्टीत बरोबर बसतं. गिऱ्हाईक खूश, चहा सांगून जातं. पण बिजागरी झिजायची थांबलेली नसते. काही महिन्यांनी दार आणखी खाली येतं आणि पट्टीला सरकायला जागाच उरत नाही. मग कुणीतरी कानस घेऊन पट्टीचं भोक लांबवतो.

गाडीत हा प्रकार आधी झालाय का, ते बघायला दोन खुणा आहेत. पट्टीच्या वरच्या अंगाला जुन्या जागेचा, रंग न लागलेला पट्टा दिसतो. आणि गाडीपासून चार पावलं मागे जाऊन बघितलं, तर पुढच्या दारावरची उभार रेघ मागच्या दारावरच्या रेघेला जुळत नाही, खाली उतरलेली असते. म्हणून बिजागरी झाली, की पट्टी मूळ जागी परत नेऊन मगच दार लावून बघायचं.

३. अर्धा मिलिमीटर लहान नसतो.

"एवढाच तर खेळ आहे," असं लोक म्हणतात, म्हणून हिशेब मांडून दाखवतो. समजा दोन बिजागऱ्यांमध्ये ४० सेंटिमीटर अंतर आहे आणि बिजागरीपासून लॉक ९० सेंटिमीटरवर आहे. दाराच्या वजनाने वरची बिजागरी बाहेर ओढली जाते, खालची आत दाबली जाते. दोन्हींत अर्धा-अर्धा मिलिमीटर खेळ असेल, तर लॉकच्या टोकाला दार जवळजवळ सव्वादोन मिलिमीटर खाली येतं. दार आणि पत्रा यांच्यात मुळात फट असते चार-पाच मिलिमीटरची. त्यातली निम्मी गेली.

४. काय झिजायचं ते तुम्ही ठरवा.

सगळ्यात मोठा धडा हाच आणि तो मला दौंडमध्ये मिळाला. दौंड म्हणजे रेल्वेचं गाव. तिथे वाफेच्या इंजिनांचं शेड होतं. देशातल्या ब्रॉडगेजवरची वाफ १९९५ पर्यंत संपली, शेडची माणसंही निवृत्त झाली, पण हात तेच राहिले. माझ्या पिना करून देणारे काका त्या शेडमध्ये खलाशी म्हणून लागले आणि फिटर म्हणून निवृत्त झाले. आता घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये एक जुना लेथ ठेवून आहेत.

एक शिरूरकर बागायतदार माझ्याबरोबर त्यांच्याकडे आले होते. त्यांचं म्हणणं, पिनही पोलादी करा, ती ज्यात फिरते तो बुशही पोलादी करा, म्हणजे नातवापर्यंत बघायला नको. काकांनी लेथ बंद केला.

"पाटील, इंजिनाची चाकं जोडणाऱ्या दांड्या बघितल्यात का कधी?"

"लांबून."

"त्या दांडीच्या भोकात पितळेचा बुश असतो. चाकाची पिन पोलादाची. झिजतो बुश, तो ठोकून काढायचा, नवा बसवायचा. पिन झिजली तर चाक काढावं लागतं. आता तुम्ही सांगा, काय झिजू द्यायचं?"

पाटलांनी बुश फॉस्फर ब्राँझचा करायला सांगितला.

गाडीच्या बिजागरीत मुळात पिन पोलादी आणि पानाचं भोकही पोलादी. तेल संपलं की दोन्ही एकमेकांना खातात. पिन सळईसारखी बारीक होते, भोक अंडाकृती होतं. नुसती नवी पिन घातली तर ती अंडाकृती भोकात नाचते. त्यामुळे भोक आधी गोल करायचं. मग त्यात ब्राँझचा बुश दाबून बसवायचा आणि पिन ईएन ८ पोलादाची करायची. एका पानात पिन घट्ट, दुसऱ्या पानातल्या बुशमध्ये ती फिरती. दोन्हीकडे ढिली ठेवली तर चालता चालता पिन वर चढते आणि एके दिवशी रस्त्यावर सापडते, किंवा सापडत नाही.

पानाच्या कानात धातू पुरेसा हवा. आठ मिलिमीटरच्या पिनेला एक मिलिमीटर जाडीचा बुश म्हणजे भोक दहाचं करावं लागणार. तेवढं केल्यावर कानाची भिंत कागदासारखी उरणार असेल तर बुशचा हट्ट सोडावा आणि भोक साडेआठचं करून साडेआठची पिन घालावी. ब्राँझची सळई पुण्यात रविवार पेठेच्या बोहरी आळीत मिळते. पिनेसाठी काका कधी कधी बंद पडलेल्या प्रिंटरमधला गुळगुळीत दांडा वापरतात. माप जुळलं तर त्याच्यासारखी पिन बाजारात नाही.

५. ड्रिलने भोक मोठं होतं, गोल होत नाही.

अंडाकृती भोकात हातातलं ड्रिल घातलं, की ते जुन्या झिजेच्याच बाजूला पळतं. नवं भोकही वाकडं पडतं. याला रिमर लागतो. बिजागरीची दोन्ही पानं एकत्र बसवायची, खाली सपाट पट्टी घालून शिकंज्यात धरायची आणि रिमर वरच्या कानातून खालच्या कानापर्यंत एकाच दमात न्यायचा. कान वेगवेगळे रिम केले तर प्रत्येक भोक उत्तम असतं आणि पिन मात्र जात नाही.

काकांचं काम बघायला माणसं थांबतात. टॅपचा हँडल रिमरला लावायचा, तेलाचा थेंब टाकायचा, आणि दोन्ही हातांनी सारख्या जोराने फिरवायचा, नेहमी घड्याळाच्या दिशेने. बाहेर काढतानाही त्याच दिशेने फिरवत काढायचा. उलटा फिरवला की कीस धारेखाली अडकतो, धार मरते आणि भोकाला ओरखडा पडतो. पहिल्या फेऱ्यांना रिमर एका बाजूलाच कापतो, आवाज तुटक येतो, कीस अर्धवट पडतो. जसजसं भोक गोल होत जातं तसा आवाज सलग होतो. काका त्या वेळी भोकाकडे बघतही नाहीत, ऐकतात. मग चिंधीने भोक पुसायचं, पिनेला तेलाचं बोट लावायचं आणि अंगठ्याने दाबायची. अंगठ्याने गेली आणि सोडल्यावर आपोआप खाली पडली नाही, की झालं.

६. पिन काढताना दाराला आधार द्या.

जॅकवर लाकडी फळी, फळीवर जुनं गोणपाट, आणि दार त्यावर टेकलेलं. पानं खांबावरून ढिली करण्याआधी त्यांच्या कडेने टोकदार सुईने रेघ मारून ठेवा, परत बसवताना हीच रेघ कामाला येते. अडकलेल्या पिनेला आदल्या रात्री रॉकेल आणि तेलाचं मिश्रण पाजा. हातोडा मारून मारून पिनेचं डोकं पसरवणारे पुष्कळ भेटतात. आणि ढिल्या पिनेला वेल्डिंगचा टाका मारून "जाम" करणारेही. तशी बिजागरी आली की मी दर आधी सांगतो, काम नंतर हातात घेतो.

७. कधी कधी बिजागरीचा काही गुन्हाच नसतो.

पद्मिनी आणि ॲम्बेसेडर, दोन्हींना वेगळी चॅसी नाही. बॉडी हाच सांगाडा. दारांखालून जाणारा पत्र्याचा पोकळ पट्टा आतून गंजला, की गाडी मध्यभागी बसते आणि दारांच्या फटी वर-खाली सारख्या राहत नाहीत. याची परीक्षा सोपी. सगळी दारं लावून फटी बघून ठेवा. मग त्याच पट्ट्याच्या मधोमध, फळी घालून, जॅक हळू चढवा. फटी बदलायला लागल्या, एखादं दार उघडेनासं झालं, तर बिजागरीचं काम तिथेच थांबवा. आधी टिनकाम. तेही दारं जागेवर असताना, आतून आधाराचे अँगल लावून. दारं काढून पट्टा कापला, तर नवा पट्टा बसल्यावर दार बसत नाही, हे कुणाही टिनकामवाल्याला विचारा. इलेक्ट्रिक वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढायची, ओलं पोतं हाताशी ठेवायचं.

पन्नासच्या दशकातल्या जुन्या फियाट ११००चं, जिला आपल्याकडे डुक्कर फियाट म्हणतात, प्रकरण आणखी निराळं. तिची पुढची दारं उलटी उघडतात, म्हणजे बिजागऱ्या मागे, मधल्या खांबावर. मागच्या दारांच्या बिजागऱ्याही त्याच खांबावर. एका खांबाला दोन दारं लोंबकळतात. खांबाचं बूड गंजलं तर दोन्ही दारं एकदम बिघडतात. आणि चालत्या गाडीत पुढचं दार निसटलं तर वारा ते मिटवत नाही, उपटतो. या गाडीत लॉक आणि बिजागरी दोन्ही तपासल्याशिवाय मी ती फाटकाबाहेर जाऊ देत नाही, मालक कितीही घाईत असो.

८. दार अडवणारी पट्टी तुटकी असेल तर नवी बिजागरीही टिकणार नाही.

दार ठरावीक अंतरापर्यंतच उघडावं म्हणून आत एक पट्टी असते. त्या पट्टीचं रबर वाळून गळून जातं, मग पट्टीही तुटते. त्यानंतर दार उघडताना ते थेट पुढच्या मडगार्डच्या कडेवर आपटतं आणि सगळा जोर बिजागरीच्या पानावर येतो. नगर रस्त्यावर ट्रक शेजारून गेला की त्याच्या वाऱ्यानेही हे होतं. रबर ट्रकच्या टायरच्या तुकड्यातून कापून बसवता येतं. बिजागरीआधी हे करा.

९. ग्रीस कमी, फडकं जास्त.

शिरूरचा पूर्व भाग फुफाट्याचा, आणि हंगामात न्हावऱ्यापासून पारगावच्या पुलापर्यंत उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे जो धुरळा उडतो, तो सगळा दाराच्या फटीत शिरतो. जाड ग्रीस थापलं की धूळ त्यात बसते आणि ग्रीसचं घासायचं मलम होतं. उघड्या बिजागरीला इंजिन ऑइलचा एक थेंब, दार चार वेळा उघडझाप, बाहेर आलेलं काळं तेल फडक्याने पुसायचं. महिन्यातून एकदा. जिथे ग्रीसचं निप्पल आहे, म्हणजे जीपच्या पाट्यांचे शॅकल, ॲम्बेसेडरच्या पुढच्या चाकांचे सांधे, तिथे मात्र गन लावून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरायचं. तिथे कंजुषी नको.

१०. बाकीच्या भागांनाही हाच कायदा.

पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याशेजारी. गिअर सापडत नाही म्हणून लोक गिअरबॉक्स उघडायला निघतात. आधी दांड्यांच्या जोडांमधले छोटे बुश बघा. एकेका जोडात थोडा थोडा खेळ, आणि सगळ्यांचा मिळून दांडा हातभर हलतो. काचेच्या मशीनचं तसं नाही. तिथे दातेरी पट्टीचे मधलेच दाते झिजतात, कारण काच बहुतेक वेळ अर्ध्यातच वरखाली होते. ते दाते पितळी वेल्डिंगने भरून कानशीने घडवता येतात. वेळखाऊ काम आहे, पण होतं. दाराच्या मुठी जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव असतात, त्यांना गॅसची ज्योत दाखवली की त्या वितळून खाली पडतात. त्यांना ड्रिल मारून आतून पोलादी खुंटी घालावी. पुढची तिकोनी काच, वायपरचा दांडा, बॉनेटची बिजागरी, सगळीकडे प्रश्न एकच: यातला महाग भाग कुठला आणि त्याच्या जागी काय झिजवता येईल?

११. सुटे भाग बाजारात हाताने तपासून घ्या.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडेही पद्मिनीचा माल येत असे, कारण मुंबईत त्या टॅक्सी होत्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. त्यानंतर माल कमी आणि भाव जास्त. बिजागऱ्या घ्यायच्याच तर डावी-उजवी दोन्ही घ्या. मागच्या दारांच्या बिजागऱ्या टॅक्सीत सगळ्यात जास्त झिजलेल्या असतात, प्रवासी तिथूनच चढतो-उतरतो. चालकाच्या शेजारचं पुढचं दार त्यामानाने कमी वापरलेलं. चकचकीत रंग मारलेली बिजागरी दिसली की पिन धरून हलवा. विकणारा "नवी आहे साहेब" म्हणत असेल तरीही.

१२. कागद बघून हत्यार चालवा.

पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांना २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नंबरात "व्हीए" ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. मुख्य अट, गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नकोत. म्हणून पन्नास वर्षांहून जुनी गाडी आली तर अशी नोंदणी करायची आहे का, हे मी मालकाला आधीच विचारतो. बुश आणि पिन बदलल्याने गाडीचं रूप बदलत नाही. पण आधुनिक गाडीच्या बिजागऱ्या वेल्डिंगने ठोकून खांब कापला, तर तपासणीत ते डोळ्यात येणारच. तसं काम मी घेत नाही, पैसे कितीही देवोत.

एक विनंती करतो. शिरूर, दौंड, श्रीगोंदा पट्ट्यात अजून बऱ्याच वाड्यांच्या मागे, विहिरीच्या कडेला, जुन्या फियाटचे आणि जीपचे सांगाडे पडून आहेत. भंगारवाला वजनावर घेऊन जातो आणि बिजागऱ्याही त्याच वजनात जातात. गाडी द्यायचीच असेल तर द्या, पण दारांच्या बिजागऱ्या पिनांसकट आधी काढून घ्या, डावी-उजवी चिठ्ठी बांधून ठेवा. विशेषतः डुक्कर फियाटच्या मधल्या खांबावरच्या. झिजलेल्या चालतील, गंजलेल्याही चालतील. झिजलेल्या बिजागरीला दौंडमध्ये बुश मारता येतो. नसलेली बिजागरी कुठल्याच लेथवर मिळत नाही.